पुरवणी प्रश्न

हा प्रश्न विनीताच्या अंदाजात नव्हता. मागच्या बाकावरचे ते वयस्क सभासद उठले, त्यांनी सावकाश कोटाचं बटण लावलं, आणि सगळ्यांना वाटलं की आता पुन्हा धुराचंच काहीतरी निघणार. शेजारच्या देशातली रानं पेटली होती, त्यांचा धूर समुद्र ओलांडून या बेटावर येऊन बसला होता, आणि दोन हजार चौदा सालच्या त्या ऑक्टोबरात सिंगापुरात जो तो उठल्यावर आधी फोनवर हवेचा आकडा बघे आणि मग दात घासे. सकाळपासून परराष्ट्रमंत्री उत्तरं देत होते. त्यांना बाहेरचं विचारलं जात होतं आणि घरातलंही. शेजाऱ्यांशी बोलणी कुठवर आली, समुद्राच्या हद्दीच्या भांडणात आपलं नेमकं म्हणणं काय, परमुलखात अडकलेल्या आपल्या माणसांना कोण आणणार, आणि इथे दारं-खिडक्या लावून खोकत बसलेल्या म्हाताऱ्यांकडे कोण बघणार. मंत्री सगळ्यांना पुरून उरत होते. बाजूच्या उंच बाकांवर, खात्याच्या अधिकाऱ्यांच्या रांगेत बसलेल्या विनीताचे ओठ त्यांच्याबरोबर नकळत हलत होते, कारण ती वाक्यं तिची होती. आणि मग ते वयस्क सभासद म्हणाले, "मंत्र्यांच्या आजच्या उत्तरांत 'योग्य वेळी' हे शब्द बरेचदा आले. माझा पुरवणी प्रश्न एवढाच आहे. योग्य वेळ आली, हे ओळखायचं कसं? आणि ती येऊन निघून गेली असेल, तर ते आपल्याला कोण सांगणार?"

मंत्र्यांची नजर पापणी लवावी तेवढ्याच वेळापुरती वर अधिकाऱ्यांच्या बाकांकडे आली. तशी ती कधी येत नसे. विनीताच्या हातात कागद होते, पण त्यांत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मग मंत्री हसले आणि म्हणाले, "ती सन्माननीय सभासदांना माझ्याआधी कळेल, याची मला खात्री आहे." सभागृह हसलं, बाकं वाजली, पुढचा प्रश्न पुकारला गेला. शेजारी बसलेली सहकारी हुई मिन तिच्या कानाशी लागली, "वाह, धिस अंकल आह, सो पोएटिक वन." विनीताही हसली. पण तिचा तोल गेल्यासारखं झालं होतं, अंधारात जिन्याची शेवटची पायरी संपली असं वाटून पाऊल टाकावं आणि तिथे आणखी एक पायरी निघावी तसं. कारण 'योग्य वेळी' हे शब्द तिनं त्या कागदांत लिहिले होते हे खरं, पण आज सकाळी तिनं ते तोंडानंही उच्चारले होते. पासिर रिसच्या फ्लॅटच्या दारात, एक चप्पल पायात आणि एक हातात असताना, आपल्या आईशी बोलताना.

खात्यात विनीताचं नाव होतं ते प्रश्न ओळखण्यासाठी. लेखी प्रश्न आधी येतो, त्याचं उत्तर लिहिणं काही मोठं नव्हे. खरी गंमत असते ती त्यानंतर उभ्या उभ्या विचारल्या जाणाऱ्या पुरवणी प्रश्नांची. कोण उठेल, कुठल्या फटीत बोट घालेल, हे आदल्या आठवड्यात बसून ताडायचं आणि प्रत्येकाला एकेक उत्तर बांधून ठेवायचं. ते उत्तर असं हवं की बोलल्यासारखं दिसावं आणि ताकास तूर लागू नये. वरिष्ठांना वाटे, ही विद्या हिनं विद्यापीठात मिळवली. हुई मिनला वाटे, हिच्याकडे एखादा पोपट आहे कार्ड काढणारा. विनीता कुणालाच सांगत नसे की ही विद्या भोंडल्यातली आहे. नवरात्र सुरू झालं की आई पाटावर खडूनं हत्ती काढी, चार मराठी घरांतल्या बायका आणि मुली त्याच्याभोवती फेर धरत, गाणी संपली की यजमानीण झाकलेला डबा आणून मधोमध ठेवी, आणि मग प्रश्न सुटत. गोड की तिखट? ओली की कोरडी? तळलेली की भाजलेली? डब्याची मालकीण फक्त हो म्हणणार नाहीतर नाही म्हणणार. विनीता फार बोलायची नाही. ती बायकांचे प्रश्न ऐकायची, मालकिणीच्या तोंडाकडे बघायची, आणि सगळ्या दमल्या की हळूच नाव घ्यायची. झाकण निघायचं. "काय बाई ही कार्टी! हिच्यापुढे डबा झाकून ठेवायची सोय नाही," असं कुणीतरी म्हणायचं आणि आई आपली कौतुकानं पदर सारखा करायची. एवढ्याशा पोरीनं त्या झाकणाभोवती जे शिकून घेतलं त्यावर पुढे तिची नोकरी उभी राहिली, फक्त बाजू बदलली. आता ती डबा झाकणाऱ्यांच्या बाजूला होती.

आज सकाळीही घरात डबा झाकला जात होता. संध्याकाळी मधुवंतीकडे भोंडला होता, समोरच्याच ब्लॉकमध्ये, आणि यंदाची खिरापत आईकडे होती. धुरामुळे स्वयंपाकघराची खिडकी बंद, त्यामुळे तव्याचा वास घरभर कोंडलेला. विनीता पाण्याची बाटली घ्यायला आत डोकावली तर आईनं परातीवर पंचा टाकला. "ए, बघायचं नाही. मंत्र्यांची असशील तिकडे. इथे लाइनीत उभी राहा." "अगं, पाणी तर घेऊ दे." "पाणी बाहेरच्या टेबलावर ठेवलंय. मी पण ओळखते थोडे प्रश्न." विनीताची लेक जाई कानात गाणी घालून दुधातल्या लाह्याबिह्या खात होती, ती मान वर न करता म्हणाली, "आजी, स्मेल्स नाइस लाह. सेव्ह मी वन." आई म्हणाली, "हिचं मराठी बघ, दिवसेंदिवस कसं समृद्ध होतंय." मग विनीता दारात चप्पल घालायला वाकली, तशी आई पंच्याला हात पुसत मागून आली आणि रोजचा प्रश्न रोजच्याच आवाजात विचारला, ना चढ ना उतार. "मग विनू, माझ्या जाण्याचं काय केलंस?"

आईचं जाणं म्हणजे रहिमतपूरला जाणं. सुट्टीला नव्हे, कायमचं. तिथे तिची धाकटी बहीण, नलूमावशी, स्टेशनाजवळच्या दोन खोल्यांत एकटी राहत होती. दोघीच उरल्या होत्या त्या घरातल्या. आईला मरणाबिरणाची भाषा आवडत नसे, ती एवढंच म्हणायची की शेवटची काही वर्षं दोघींनी एका चुलीवर चहा करून प्यायचा असं ठरलं होतं लग्नाआधीच. गेले वर्षभर ती हे मागत होती. आणि विनीता वर्षभर तिला उत्तर देत होती. आधी गुडघ्यांचं कारण होतं, मग जाईच्या परीक्षेचं, मग तिकडच्या उन्हाळ्याचं, आणि कारणं संपली तेव्हा वाक्यं सुरू झाली. आज सकाळी चप्पल हातात धरून ती म्हणाली होती, "आई, मी सगळ्या बाजूंनी विचार करतेय. योग्य वेळी नक्की सांगते तुला." आईनं मान डोलावली. बारशाला आलेल्या परक्या बाईचं बोलणं ऐकून डोलवावी तशी. लिफ्टचं दार लागता लागता घरातून तिचा गुणगुणण्याचा आवाज आला. आई ओव्या रचायची, लिहून कधीच ठेवायची नाही, कणकेबरोबर मळायची आणि विसरायची.

बोलावं गं बाई, सरळ पाण्यावाणी
आडून कहाणी, सांगू नये

लिफ्ट खाली उतरत गेली आणि तव्याचा तो वास मात्र विनीताबरोबर आला. ओळखीचा होता, पण नाव येईना. पोळीचा नव्हता, धपाट्याचा नव्हता. खमंग, थोडा दुधाळ, कुठल्यातरी लांबच्या पहाटेचा. दिवसभर तो तिच्या ओढणीत राहिला. सभागृहातल्या थंडगार, बिनवासाच्या हवेतसुद्धा अधूनमधून नाकाशी यायचा आणि ती अस्वस्थ व्हायची, एखाद्या माणसाचा चेहरा आठवावा आणि नाव जिभेच्या टोकावर अडून बसावं तशी. आता त्या वयस्क सभासदांनी विचारल्यापासून वास आणि प्रश्न एकमेकांत मिसळून गेले होते आणि दोन्हींचं उत्तर एकच आहे असं तिला उगाचच वाटत होतं.

दुपारी खात्यात सगळ्यांनी मंत्र्यांच्या हजरजबाबीपणाचं कौतुक केलं. वरिष्ठ म्हणाले, "विनीता, त्या शेवटच्या प्रश्नाला पुढच्या वेळेसाठी एक ओळ तयार ठेव." ती हो म्हणाली आणि पडद्यासमोर बसली. बोटं सवयीनं चालू लागली. वेळेची योग्यता ही अनेक घटकांवर अवलंबून. पुसलं. परिस्थितीवर आमचं बारीक लक्ष आहे. तेही पुसलं, कारण ते परवाच आईला सांगून झालं होतं. सुबोध, तिचा नवरा, तुआसच्या जहाजगोदीत काम करायचा, बेटाच्या पार त्या टोकाला. बोलायला मोजका, पण एकदा जेवताना म्हणाला होता, "तू आईंना उत्तरं देत नाहीस विनी, निवेदनं देतेस. त्या बिचाऱ्या विरोधी पक्षात पण नाहीत." तेव्हा ती चिडली होती. चिडायला कारणही होतं, कारण सुबोधला सगळं माहीत नव्हतं. महिन्याभरापूर्वी रहिमतपुराहून मावशीच्या शेजारणीचा फोन आला होता. विनीता तेव्हा एमआरटीच्या गाडीत होती, भोवती माणसंच माणसं, आणि ती बाई फोनमध्ये ओरडून सांगत होती, "नलूताई विसरायला लागल्यात हो. गॅस चालू ठेवतात. परवा माझंच नाव विचारलं मला. डॉक्टर म्हणतात, हे आता वाढतच जाणार. तुमच्या आईंना, साधनाताईंना म्हणावं, यायचं तर आत्ता या, मग आलात तर तुम्ही कोण हे सांगावं लागेल." विनीतानं घरी येऊन हातपाय धुतले, आईच्या समोर बसली, आणि म्हणाली, "मावशीकडून फोन होता. बरी आहे. तिकडे पाऊस खूप झाला म्हणे."

का म्हणाली असं? ती स्वतःलाच विचारी तेव्हा नेहमीसारखी चांगली बांधलेली उत्तरं मिळत. आईचं वय. तिकडे वैद्यकीय सोय नाही. एक विसराळू आणि एक गुडघ्यानं अधू, दोघी एकमेकींना काय सांभाळणार. सगळं खरं होतं आणि सगळं झाकण होतं. झाकणाखाली जे होतं ते ती संध्याकाळी कधीकधी, जाई आपल्या खोलीत इंग्रजीत फोनवर खिदळत असताना आणि सुबोध अजून तुआसहून निघालेला नसताना, सिंकपाशी उभी राहून चाचपून बघे. या घरात तिला 'विनू' म्हणणारं एकच माणूस होतं. आई गेली की 'अगं' म्हणून कुणी हाक मारणार नव्हतं. ती सहा वर्षांची असताना या बेटावर आली, इथली झाली, इथला लाल पासपोर्ट तिनं अभिमानानं मिरवला, इथल्या देशाची बाजू इथल्या सभागृहात तिच्याच शब्दांनी मांडली जाते. पण तिच्या आतली जी मुलगी पाटाभोवती फिरत होती, तिला ओळखणारी एकुलती एक साक्षीदार आई होती. तिला जाऊ देणं म्हणजे त्या मुलीलाही कुठेतरी टाकून येणं. मावशी विसरायला लागली होती, आणि विनीताला भीती वाटत होती ती आपणच विसरले जाऊ याची. एवढी साधी, एवढी लहान मुलासारखी भीती. तिला ती मंत्र्यांच्या भाषेतच काय, कुठल्याच भाषेत मांडता येईना.

परतताना गाडीत बसायला जागा मिळाली. गाडी जमिनीखालून वर आली आणि खिडकीत धूर उभा राहिला. ब्लॉकच्या ब्लॉक अर्धेमुर्धे, कुणी खोडरबरानं घासल्यासारखे, आणि वर सूर्य म्हणजे नुसता एक केशरी टिकलीचा डाग. समोरच्या बाकावरच्या लोकांच्या तोंडांवर मास्क, डोळे तेवढे उघडे. इथली गाडी मुकाट पळते, आणि मुकाट गाडीत माणसाला स्वतःचं फार ऐकू येतं. विनीताला बाबा ऐकू आले. बँकेनं त्यांना इथे पाठवलं ते तीन वर्षांसाठी. तांजोंग पगारला एका जुन्या दुकानाच्या माडीवर दोन खोल्या, खाली कॉफी भाजणाऱ्याची भट्टी, जिन्यात कायम जळक्या साखरेचा वास. आई दर दिवाळीला विचारायची, "अहो, आता जायचं ना परत?" आणि बाबा पेपर न हलवता म्हणायचे, "बघू. पुढच्या वर्षी." माणूस वाईट नव्हता. हातानं कधी उणं केलं नाही, शब्दानं कधी दुखावलं नाही. फक्त नाही म्हणायचा नाही आणि हो म्हणायचा नाही. घोंगडं भिजत घालून ठेवायचं आणि वर प्रेमानं बघत राहायचं. तीन वर्षांची तीस झाली. बाबांनी इथलं नागरिकत्व घेतलं, विनूचं घेतलं, आईनं मात्र आपला निळा भारतीय पासपोर्ट सोडला नाही. "एक तरी दार नुसतं लोटलेलं असू दे घराला," म्हणाली. ते गेले त्या दिवशीही, लोक बसलेले असताना, आई भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होती आणि सगळ्यांना वाटलं देवाचं म्हणतेय. विनीता जवळ होती. तिनं ऐकलं होतं.

उद्याच्या गं झाडाला, आशा किती टांगू
कुणाकुणा सांगू, पान नाही

आणि मग गाडीच्या त्या थंड, स्वच्छ डब्यात तिला पहाट दिसली. रहिमतपूरचं स्टेशन, दिवे अजून जळत होते, बाबा सामान मोजतायत, आई नव्या लुगड्यात अवघडलेली. आणि लग्न न झालेली, दोन वेण्यांची नलूमावशी फलाटावरून पळत आली, तिच्या हातात पांढऱ्या फडक्यात बांधलेलं काहीतरी, अजून ऊन. "अक्का, घे. दुधात भिजवल्यात. आठ दिवस काही होणार नाही त्यांना. पण इथे बसून खाऊ नका गं, गाडी हलली की मगच सोडा. दशमी घरात बसून खाल्ली तर वाट रुसते." गाडी हलली. आईनं फडकं सोडलं आणि विनूच्या हातावर अर्धी दशमी ठेवली. खमंग, थोडी दुधाळ. मावशी फलाटावर लहान होत गेली आणि विनू चावत राहिली. त्यानंतर आईनं या बेटावर पुरणपोळ्या केल्या, सांजोऱ्या केल्या, हॉकर सेंटरच्या, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतल्या, नूडल्सना फोडणी देऊन बघितली, पण दशमी कधी केली नाही. विनूनं एकदा मागितली होती. आई म्हणाली होती, "ती वाटेवरची असते. निघू तेव्हा करेन."

विनीतानं ओढणीचं टोक नाकाशी नेलं. समोरची बाई मास्कच्या वर भुवया उंचावून बघत राहिली. पासिर रिस आलं, शेवटचं स्टेशन, सगळे उतरले, आणि ती तशीच बसून राहिली, गाडी रिकामी करण्याची सूचना चार भाषांत होईपर्यंत. त्या चारांत तिची नव्हती.

मधुवंतीच्या हॉलमध्ये सोफे भिंतीला लावले होते आणि मधोमध पाटावर खडूचा हत्ती होता, सोंड थोडी आखूड. हवा शुद्ध करायचं यंत्र कोपऱ्यात घरघरत होतं. दहा-बारा बायका, त्यांच्या मुली, एकदोघी सुना जीन्सवर टिकली लावून आलेल्या. मधुवंती बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती पण भोंडल्याला नऊवारीच नेसायची. दारातच म्हणाली, "या या, मॅडम आल्या! आज टीव्हीवर दिसलीस की नाही? नाहीच दिसलीस. तुमचं बाई बरंय, बोलायचं एकानं आणि नाव दुसऱ्याचं." आई आधीच येऊन खुर्चीवर बसली होती, मांडीवर तो पितळी डबा, त्यावर दोन्ही हात. तिनं विनीताकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. फेर झाले, गाणी झाली. विनीता फिरत होती, पण पायांखाली फरशी नव्हतीच जणू, फलाट होता. शेवटचं गाणं संपलं आणि मुली ओरडल्या, "खिरापत!"

आईनं डबा हत्तीच्या पायाशी ठेवला. "विचारा."

"गोड?" "थोडी." "तिखट?" "मुळीच नाही." "म्हणजे गोडच की हो काकू!" "गोड म्हणाल तर रागावेल ती." "ओली?" "कोरडी." "तळलेली?" "छे." "भाजलेली! नारळाची वडी?" "नाही." "खाकरा?" "आम्ही गुजराथी कधीपासून झालो गं?" हशा. जाई फेरातून पुढे आली, गुडघ्यांवर हात ठेवून डब्याच्या तोंडाशी वाकली. "आजी, इज इट लाइक अ बिस्किट?" "बिस्किटाची पणजी." "खराब होते?" "नाही होत. म्हणून तर करतात." "फराळाचं काहीतरी." "सणाला करत नाहीत." बायका थकत चालल्या. मधुवंतीनं कपाळाला हात लावला. "साधनाकाकू, सणाची नाही, गोड नाही, तिखट नाही, मग करतात तरी कधी?" आई म्हणाली, "हे हो-नाहीचं नाही. पण विनूला विचारा ना. ती मंत्र्यांना येणारे प्रश्न ओळखते, तिला आईचा डबा नाही ओळखता येणार?"

सगळ्या विनीताकडे वळल्या. आता दोनच वाटा होत्या आणि एक फार सोपी होती. 'हरले' म्हणायचं. बायकांनी हार मानली की मालकीण स्वतःच झाकण काढते, टाळ्या पडतात, सगळे खातात, कुणी काही बोललं असं होत नाही. उद्या सकाळी दारात पुन्हा तोच प्रश्न आणि हातात चप्पल. तिच्या जिभेवर तो शब्द आलाही. पण तिनं आईच्या हातांकडे बघितलं. झाकणावर ते हात नुसते ठेवलेले नव्हते, दाबलेले होते, बोटांची पेरं पांढरी झाली होती. डबा झाकून ठेवणाऱ्यालाही किती जोर लागतो हे इतकी वर्षं झाकणाऱ्यांच्या बाजूला बसूनही तिला कळलं नव्हतं. आई हे झाकण आपणहून काढणार नव्हती. तिनं स्वतः काढलं असतं तर ते जाणं झालं असतं, आणि तिला पाठवणी हवी होती.

"दशमी," विनीता म्हणाली.

"काय बाई? कसली दशमी?" एक सून पुटपुटली. "कशावरून?" आईनं विचारलं.

"तू निघाली आहेस म्हणून."

आई खुर्चीत पुढे सरकली. तिनं आणखी एक प्रश्न विचारला, लहानसा, एका शब्दाचा, आणि विनीताला तो आधीपासून माहीत होता, फक्त कधी लिहून ठेवला नव्हता.

"कधी?"

"या आठवड्यात." आपला आवाज आपल्याला इतका उघडा कधी ऐकू आला होता, हे तिला आठवेना. "मावशी विसरायला लागलीय आई. शेजारच्या काकूंचा फोन तोच होता. पाऊसबिऊस काही नव्हतं. ती तुला ओळखतेय तोवर तू तिथे पोचायला हवंस. मी येते सोडायला. मला..." इथे वाक्य बांधलेलं नव्हतं. "मला तू जायला नको होतीस. बस, एवढंच होतं."

आईनं झाकणावरचे हात काढले. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "गणपतीत फोन केला तर नलू मला म्हणाली, 'आई, तू कधी येशील गं?' मला. मला आई म्हणाली ती. मी म्हटलं, येते हं बाळ."

"मग बोलली का नाहीस मला?"

"तुझ्या योग्य वेळेची वाट बघत होते," आई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं तरी ओठाच्या कोपऱ्यात ते जुनं कार्टी म्हणतानाचं हसू आलं. मधुवंती नऊवारीच्या पदरानं नाक पुसायला लागली. "काय गं बाई तुम्ही मायलेकी, भोंडल्यात रडवलंत." जाई एकदा विनीताकडे, एकदा आजीकडे बघत होती. "वेट. आजी इज गोइंग? फॉर रिअल?" ती खाली बसली आणि आजीच्या गुडघ्याला टेकली, आणि अडखळत, एकेक शब्द शोधून आणल्यासारखी म्हणाली, "मी पण येणार. सोडायला."

झाकण निघालं. वास वर आला आणि विनीतानं तो यावेळी नावानिशी घेतला. मुली डब्याकडे झेपावल्या, सोफ्याकडे वळल्या, तशी आई ओरडली, "बसायचं नाही! कुणी बसायचं नाही. दशमी बसून खाल्ली तर वाट रुसते. चला, धरा फेर." "खातखात?" "चालतचालत. आमच्यात तशीच खातात." तिनं एकेकीच्या हातावर अर्धी अर्धी ठेवली. विनीताच्या हातावर ठेवताना थोडी थांबली, मग अर्धीच ठेवली. खुर्चीच्या हाताला धरून ती उठली, गुडघा कुरकुरला, आणि ती फेरात शिरली, एक हात जाईच्या खांद्यावर, एक विनीताच्या हातात.

फेर हलला. कुणाला या वेळचं गाणं ठाऊक नव्हतं, म्हणून आईच गुणगुणली, आणि बाकीच्या तोंडात घास घेऊन नुसत्या हूं हूं करत राहिल्या.

पल्याडच्या तीराला, दिवा जळे मिणमिण
एकटी गं बहीण, वाट पाही

बाल्कनीच्या काचेबाहेर धूर तसाच होता, समोरचा ब्लॉक दिसत नव्हता, विमानतळाकडे उतरणारं एक विमान नुसतं ऐकू आलं आणि गेलं. विनीता चावत होती. दशमी खरोखरच गोड म्हणण्यासारखी नव्हती. जाईनं पलीकडून मान काढून विचारलं, "आई, आपण कुठल्या फ्लाइटनं जायचं?" विनीताच्या तोंडात घास होता. तिनं तो गिळला आणि आडून काही न बोलता सरळ दिवस सांगितला.